नाव आधी, बाकीचं नंतर: ट्रान्सजेंडर व्यक्तीने कागदोपत्री नाव कसं बदलावं

ट्रान्सजेंडर व्यक्तीला कागदोपत्री नाव बदलायचं असतं तेव्हा मिळणारा पहिला सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. 'आधी ऑपरेशनचा दाखला आणा.' नोटरीच्या टेबलाशेजारचा टायपिस्ट हे सांगतो, सायबर कॅफेतला मुलगा सांगतो, कधी चांगले शिकलेले वकीलही सांगतात. ऐकणारा तिथेच अडतो. कुणाकडे ऑपरेशनला पैसे नसतात, कुणाला ते करायचंच नसतं, कुणाच्या तब्येतीला ते झेपणारं नसतं. मग नको असलेलं नाव आधार कार्डावर, पगाराच्या पावतीवर, दवाखान्याच्या केसपेपरवर आणखी काही वर्षं तसंच राहतं, आणि दर वेळी कुणीतरी ते चारचौघांत मोठ्याने पुकारतं.

म्हणून आधी हेच स्पष्ट करू. नाव बदलणं हे एक काम आहे आणि कागदावरचा लिंगाचा रकाना बदलणं हे दुसरं. दोन्हींचे अर्ज वेगळे, अधिकारी वेगळे, लागणारे कागद वेगळे. राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत सूचना छापणाऱ्या गॅझेटमध्ये, नाव बदलायला डॉक्टरांचा कागद लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही जी वाट खुली आहे तीच ट्रान्स व्यक्तीलाही खुली आहे. अंकशास्त्र बघून नावात एक अक्षर वाढवणारे याच वाटेने जातात, घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घेणाऱ्या बायकाही याच वाटेने जातात. त्यांना त्यांच्या शरीराबद्दल कुणी विचारत नाही. तुम्हालाही विचारायचं कारण नाही.

खरं तर नावबदल आपल्या कचेऱ्यांना अजिबात नवा नाही. लग्न झालेल्या मुलीचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत तिचं स्वतःचं नावही बदलतात, आणि बँकेपासून रेशन कार्डापर्यंत सगळे ते निमूट नोंदवून घेतात. यंत्रणेला हे काम येतं. ट्रान्स व्यक्ती समोर आली की तीच यंत्रणा नावाच्या अर्जात लिंगाचा प्रश्न घुसडते आणि काम अडतं. ही गुंतागुंत सोडवायची असेल तर दोन कामं आपण स्वतःच आधी वेगळी करून घ्यायला हवीत. पुढची सगळी माहिती त्या हिशेबाने आहे, आणि मुख्यतः महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे.

राजपत्र म्हणजे काय

प्रौढ व्यक्तीने नाव कसं बदलावं हे सांगणारा एकच असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने पद्धत बसली आहे: प्रतिज्ञापत्र करायचं आणि नावबदलाची सूचना राजपत्रात छापून घ्यायची. राजपत्र म्हणजे गॅझेट. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये या सूचना येतात. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे आणि अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. नावातला बदल, जन्मतारखेतला बदल आणि धर्मातला बदल असे तीन प्रकार तिथे दिसतील, आपल्याला पहिला हवा.

राजपत्राच्या त्या पानांवर शासनाची एक टीप छापलेली असते, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा आशय असा, की या सूचनांमधला मजकूर खरा आहे याची जबाबदारी शासन घेत नाही, कारण कागदपत्रांची पडताळणी न करता, संबंधित व्यक्तीच्या अर्जावरूनच त्या छापलेल्या आहेत.

म्हणजे शासन तुमचं नाव मंजूर करत नाही. ते फक्त छापतं. तुमचं नाव तुम्ही जाहीर करता, आणि त्या दिवसानंतर 'अमुक म्हणजेच तमुक' याचा पुरावा तुमच्या हातात राहतो. हे नीट समजलं की खिडकीवर उभं राहताना फरक पडतो. आपण मेहेरबानी मागायला आलेलो नाही, झालेला बदल नोंदवायला आलो आहोत, या भूमिकेतून बोलता येतं.

या भूमिकेला न्यायालयांचाही आधार आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सीकरी यांचं ते खंडपीठ. आपलं लिंग काय हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदेशीर आहे, असं त्या निकालात स्वच्छ लिहिलं आहे. पुढे २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरील नावांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नावाचाच विचार केला. नाव हा ओळखीचा भाग आहे, ते राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, त्यावर वाजवी अटी घालता येतील पण बदलाचं दारच बंद करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तो खटला ट्रान्स व्यक्तीचा नव्हता, पण नावाचा हक्क जिथे अडेल तिथे तो उपयोगी पडतो.

पूर्ण नाव ठरवताना

मराठी नाव तीन पदरी असतं. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नवीन नाव शोधताना सगळं लक्ष पहिल्या पदरावर असतं, आणि अर्ज भरायला बसल्यावर उरलेल्या दोन रकान्यांपाशी हात थांबतो. मधलं नाव वडिलांचंच ठेवायचं का? ज्या घराने बाहेर काढलं त्याचं आडनाव चालवायचं का? कुणी आईचं नाव घेतं. हिजडा समाजाच्या डेऱ्यात, म्हणजे गुरूच्या घरात, राहणाऱ्या पुष्कळ जणी गुरूचं नाव लावतात, आणि ते त्यांच्या आयुष्याच्या दृष्टीने वडिलांच्या नावापेक्षा जास्त खरं असतं. मतदार नोंदणीच्या अर्ज क्रमांक ६ मध्ये नातेवाइकाच्या जागी तृतीयपंथी व्यक्तीला गुरूचं नाव देता येतं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

हा निर्णय भावनेचा आहे तसाच कागदाचाही आहे. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम आला तेव्हा त्याच्या कलम ७ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यावरचं आणि ओळखीच्या इतर सर्व सरकारी कागदांवरचं 'पहिलं नाव' बदलण्याचा हक्क दिला गेला. फक्त पहिलं नाव. मधलं नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर एकट्या त्या प्रमाणपत्रावर अवलंबून राहू नका, राजपत्र करा.

वडिलांचं नाव बदलण्याबाबत माझं मत थोडं सावध आहे. मधलं नाव बदललं की जन्मदाखला, जातीचा दाखला, जातपडताळणी, वारसाहक्क या ठिकाणी 'हीच ती व्यक्ती' हे सिद्ध करायला जास्त कागद लागतात. जातीच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती, प्रवेश किंवा नोकरी अवलंबून असेल, किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागायचं असेल, तर मधलं नाव आणि आडनाव ठेवून फक्त पहिलं नाव बदलणं सोपं जातं. घराशी काही देणंघेणं उरलं नसेल आणि ते नाव रोज टोचत असेल, तर जास्तीचे कागद गोळा करण्याचा त्रासही घेण्यासारखा आहे. फक्त तो निर्णय अर्जासमोर बसून घाईत घेऊ नका.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. नाव देवनागरीत एक असतं, इंग्रजीत त्याची तीन रूपं होतात. 'स्वरा'च्या शेवटी एक 'ए' की दोन? 'श्रीया'मध्ये 'आय' की दोन 'ई'? हे आधी वहीत लिहून ठरवा आणि प्रतिज्ञापत्रापासून पासपोर्टपर्यंत तेच ठेवा. एका अक्षराच्या फरकाने पॅन आणि आधार जोडलं जात नाही, पीएफ अडकतो, आणि पुन्हा दुरुस्तीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

प्रतिज्ञापत्र

प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे किंवा तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रामार्फत करता येतं. मजकूर लांबलचक नको. जुनं पूर्ण नाव, नवीन पूर्ण नाव, वय, पत्ता, 'मी माझ्या इच्छेने, कुणाच्याही दबावाशिवाय नाव बदलत आहे', 'यापुढे सर्व व्यवहारांत नवीन नावच वापरले जाईल', 'जुने व नवीन नाव एकाच व्यक्तीचे आहे' आणि 'कोणतेही कर्ज, गुन्हा किंवा देणे टाळण्यासाठी नाव बदललेले नाही'. एवढं पुरतं. कारणाच्या जागी 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिणं पूर्ण सत्य आहे आणि पुरेसं आहे. तुमची कहाणी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायची गरज नाही.

टायपिस्टकडे तयार नमुना असतो आणि त्यात 'लिहून देतो' किंवा 'लिहून देते', 'यांचा मुलगा' किंवा 'यांची मुलगी' असे शब्द आधीच बसवलेले असतात. प्रिंट काढण्याआधी स्क्रीनवर सगळं वाचा. 'मुलगा' किंवा 'मुलगी' ऐवजी 'अपत्य' लिहायला सांगता येतं. 'देतो', 'देते' टाळून 'प्रतिज्ञेवर असे नमूद करण्यात येते की' अशी वाक्यं लिहिता येतात. टायपिस्ट कुरकुर करेल, पण पैसे तुम्ही देणार आहात आणि सही तुमची असणार आहे.

सहीचंही आताच ठरवा. नवीन नावाची सही थोडे दिवस घरी गिरवून पक्की करा. प्रतिज्ञापत्रावर नोटरीपुढे जुनी आणि नवीन अशा दोन्ही सह्या करून ठेवल्या तर पुढे बँकेत त्याचा मोठा उपयोग होतो. बँकेकडे तुमच्या जुन्या सहीचा नमुना असतो, आणि दोन्ही सह्या एकाच्याच आहेत हे दाखवणारा कागद तिथे हमखास मागतात.

जुनं नाव सगळ्यांसमोर छापण्याचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ, आणि हा भाग कायद्यापेक्षा मनाला जड जातो. जुन्या नावापासून सुटका हवी म्हणून तुम्ही निघालात, आणि पद्धत सांगते की तेच नाव नवीन नावाच्या शेजारी सरकारी पानावर कायमचं छापा. राजपत्र सार्वजनिक असतं. त्याची पीडीएफ कुणीही उघडू शकतं.

केंद्र सरकारच्या राजपत्रात, म्हणजे दिल्लीच्या प्रकाशन विभागामार्फत, सूचना द्यायची असेल तर आणखी एक पायरी येते: वर्तमानपत्रात जाहिरात. तिथल्या सूचनेचा साचा साधारण असा असतो: 'मी, आतापर्यंत अमुक या नावाने ओळखला जाणारा, अमुक यांचा मुलगा, राहणार अमुक पत्ता, नाव बदलले असून यापुढे तमुक या नावाने ओळखला जाईन.' जुनं नाव, वडिलांचं नाव, घराचा पत्ता, सगळं एकाच वाक्यात. घरच्यांपासून जीव वाचवून दुसऱ्या शहरात राहणाऱ्या माणसासाठी हे वाक्य म्हणजे शोधून काढण्याची चिठ्ठीच आहे.

ही भीती खरी आहे आणि तिला 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नये. धोका असेल तर काही गोष्टी करता येतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याने शक्यतो राज्याचंच राजपत्र करावं. जाहिरात द्यावीच लागत असेल तर ती जिथे नातेवाईक राहतात त्या जिल्ह्याच्या आवृत्तीत देण्याची सक्ती आहे का, हे विचारून घ्यावं. पत्ता देताना जिथे टपाल सुरक्षित मिळेल असा, पण पुराव्याला जुळणारा पत्ता द्यावा. धोका फारच असेल तर राजपत्राऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडच्या प्रमाणपत्राची वाट आधी धरावी, कारण ते प्रमाणपत्र कुठेही जाहीर छापलं जात नाही.

राजपत्र छापून आलं की त्या अंकाचं मुखपृष्ठ आणि तुमची सूचना असलेलं पान, दोन्ही जपून ठेवा. नुसतं आपलं पान नेलं तर 'कुठल्या अंकातलं?' असं विचारून परत पाठवतात. रंगीत प्रती काढून ठेवा, मूळ पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि अंकाची तारीख व पानाचा क्रमांक वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक अर्जात हे लागणार आहे.

प्रमाणपत्राची दुसरी वाट

२०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. २५ नोव्हेंबर २०२० रोजी ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. अर्ज पोर्टलवर भरायचा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि तिथून ओळखीचं प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतं. अर्जात आईवडिलांनी ठेवलेलं नाव आणि स्वतः निवडलेलं नाव, दोन्हींसाठी जागा असते. महाराष्ट्रात या अर्जांचा पाठपुरावा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करता येतो. तिथले कर्मचारी हे काम ओळखतात, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात नुसतं फिरत बसण्यापेक्षा आधी तिथे जा.

२०२० च्या नियमांमध्ये दोन मुदती लिहिल्या गेल्या: अर्जानंतर तीस दिवसांत प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र दाखवून एखाद्या कार्यालयाकडे नाव, लिंग किंवा फोटो बदलण्याचा अर्ज केला तर पंधरा दिवसांत बदल. जन्मदाखला, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट असे कागद त्या नियमांच्या जोडपत्रात नावानिशी आले. अर्ज नाकारला गेला तर अपिलाची तरतूदही त्यात होती.

या प्रमाणपत्राच्या अटी हा पहिल्या दिवसापासून वादाचा विषय आहे. स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क २०१४ च्या निकालाने दिला, मग जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का कशाला, हा ट्रान्स समाजाचा आक्षेप मला रास्त वाटतो. अशा वादातल्या तरतुदी बदलतात. त्यामुळे कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर आणि कायद्याच्या चालू मजकुरात काय लिहिलं आहे ते वाचूनच पुढे जा. राजपत्राची वाट या वादावर अवलंबून नाही, हा तिचा मोठा फायदा.

मग दोन्हींपैकी आधी काय करायचं? प्रसिद्धीचा धोका नसेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी राजपत्र, मग प्रमाणपत्र. कायद्याने प्रमाणपत्र एकटं पुरायला हवं, पण बँकेतला अधिकारी गॅझेट हा शब्द ओळखतो, प्रमाणपत्र त्याने कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. हातात दोन्ही असली की वाद घालायला जागा उरत नाही. लिंगाचा रकाना बदलायचाच नसेल, किंवा आत्ता नको असेल, तर फक्त राजपत्रावर थांबलात तरी चालतं. नाव 'सई' आणि रकान्यात 'पुरुष' असं काही काळ राहील. लोक प्रश्न विचारतील, पण त्यात बेकायदेशीर काही नाही.

पुढचे कागद

आता रांग लावायची. सुरुवात आधारपासून करा, कारण बाकी सगळे आधारकडे बघतात. पूर्ण नाव बदलायचं असेल तर राजपत्र आणि जुन्या नावाचा एक पुरावा घेऊन आधार केंद्रावर जा. तृतीयपंथी प्रमाणपत्र किंवा ओळखपत्रही आधारला पुरावा म्हणून चालतं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि लिंग एकदाच बदलता येतं, त्यापुढे खास विनंती करून प्रादेशिक कार्यालयापर्यंत जावं लागतं. म्हणून पावतीवरचं नाव केंद्र सोडण्याआधी अक्षर-अक्षर तपासा. तिथला ऑपरेटर घाईत असतो आणि त्याची टायपिंगची चूक तुमच्या दोन संधींपैकी एक खाऊन टाकते.

त्यानंतर पॅन. पॅनच्या अर्जात ट्रान्सजेंडर हा पर्याय २०१८ मध्ये आला. त्याआधी आधारवर तिसरा पर्याय होता आणि पॅनवर नव्हता, त्यामुळे दोन्ही कार्डं जुळतच नसत. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात मान्य केलं की जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पॅनसाठी ग्राह्य धरलं जाईल. बँकेत जाताना आधार आणि पॅन दोन्ही नवीन नावाचे असले की काम पटकन होतं. नावबदलाचा पुरावा म्हणून राजपत्र घ्यावं असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच आहे. चेकबुक नवीन घ्या, सहीचा नमुना बदला, आणि जुन्या नावाने येणारे चेक किंवा व्याज अडकू नये म्हणून 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र शाखेत देऊन ठेवा.

मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी अर्ज क्रमांक ८. वाहन परवान्यासाठी परिवहन विभागाचं पोर्टल. पासपोर्टवर नाव दुरुस्त होत नाही, नवीन पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो, तेव्हा व्हिसा किंवा तिकीट काढलेलं असेल तर ते पार पडेपर्यंत थांबा. नोकरी करत असाल तर पीएफच्या खात्यातलं नाव संयुक्त घोषणापत्र देऊन बदलावं लागतं, आणि पुष्कळदा त्याला कंपनीची मंजुरीही लागते. हे काम लोक विसरतात आणि नोकरी सोडल्यावर पैसे काढताना अडकतात, तेव्हा कंपनीत आहात तोवरच करून घ्या. विमा, गॅस, भाडेकरार, मोबाइलचं सिम सवडीने.

शाळेचा दाखला

सगळ्यात चिवट विरोध शाळा आणि बोर्डाकडून होतो. विद्यार्थी शाळा सोडून गेला की जनरल रजिस्टरमधल्या नोंदींना हात लावायचा नाही, हा शाळांचा जुना शिरस्ता आहे. मुख्याध्यापक म्हणतात बोर्डाचं पत्र आणा, बोर्ड म्हणतं अर्ज शाळेमार्फत पाठवा. या दोघांमध्ये माणसाचं वर्ष जातं. आणि दहावीचं प्रमाणपत्र नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत काढावं लागतं. बाकी सगळं नवीन नावाचं आणि त्या एका कागदावर जुनं नाव, म्हणजे दर नवीन ठिकाणी स्वतःबद्दल पहिल्यापासून खुलासा.

अर्ज लेखी करा, मुख्याध्यापकांच्या नावे, आणि त्यांनी तो विभागीय मंडळाकडे पाठवावा अशी विनंती त्यातच लिहा. सोबत राजपत्र, प्रमाणपत्र असेल तर ते, आधार, आणि मूळ गुणपत्रिकेची प्रत. विद्यापीठांचे स्वतःचे फॉर्म असतात, ते परीक्षा विभागात मिळतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ट्रान्स पुरुषाचं असंच प्रकरण आलं होतं, आणि त्याच्या शिक्षणसंस्थेने नवीन नाव व लिंग लावून कागद द्यावेत या बाजूने न्यायालय उभं राहिलं. जन्मदाखल्याबाबत डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्राच्या आधारे बदल करून दाखला द्यावा, त्यावर जुन्या आणि नवीन दोन्ही नोंदी असाव्यात. दोन्ही नोंदी हा काही मनासारखा तोडगा नाही. पण 'जन्मनोंदीत बदल होतच नाही' असं निबंधक म्हणाले तर दाखवायला तो निकाल आहे.

बोर्डाचा कागद बदलेपर्यंत नोकरीच्या अर्जासोबत जुनी गुणपत्रिका आणि राजपत्र एकत्र पिन करून द्या. एवढ्याने काम चालतं, आणि पडताळणी करणाऱ्यालाही जुळवणी करायला सोपं जातं.

जुने कागद फाडू नका, कितीही वाटलं तरी. एका पाकिटात बंद करा, गरज असेल तर विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. जुनं नाव डोळ्यांसमोर नको ही भावना पूर्ण समजण्यासारखी आहे, पण पुढे दहा वर्षांनी पेन्शन किंवा वारसाच्या कामात तोच कागद तुमचा हक्क वाचवू शकतो.

खिडकीवर 'नाही' म्हणाले तर

'असं होत नाही' हे तोंडी उत्तर घेऊन घरी परतू नका. अर्ज आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच मिळाली की अर्ज अस्तित्वात आला, नाहीतर महिनाभराने 'तुमचा अर्जच आला नाही' हे ऐकावं लागतं. अर्ज घ्यायलाच नकार दिला तर तो स्पीड पोस्टाने पाठवा. नाकारायचं असेल तर कोणत्या नियमाने, हे लेखी मागा. पुष्कळदा लेखी द्यायची वेळ आली की वरिष्ठांना विचारलं जातं आणि तिथेच काम होऊन जातं. नाहीच झालं तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती आणि ज्या नियमाचा आधार घेतला त्याची प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ऑपरेशनचा प्रश्न आलाच तर उत्तर ठरवून ठेवा: 'हा नावबदलाचा अर्ज आहे. सोबत राजपत्र जोडलं आहे. आणखी कोणता कागद लागतो ते लेखी द्या.' शांतपणे, एकदा. शक्य असेल तर सोबत एक जण असू द्या. अपमान झाला तर साक्षीला कुणीतरी असतं, आणि एरवीही रांगेत एकटं उभं राहण्यापेक्षा बरं वाटतं.

त्यापुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. २०१४ चा निकाल ज्या राष्ट्रीय प्राधिकरणाच्या याचिकेवर आला, त्याचीच ही जिल्ह्यातली शाखा, जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसते. अटीत बसत असाल तर वकील मोफत मिळतो, आणि नसलात तरी सल्ला विचारता येतो. जाताना पोच असलेला अर्ज, राजपत्राचं मुखपृष्ठ आणि पान, प्रतिज्ञापत्र आणि नकाराचा कागद असं एकत्र न्या. नकार तोंडी असेल तर तारीख, वेळ आणि टेबल कोणतं होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवलेलं टिपण न्या.